जुन्या लुगड्याचं झबलं
मा. संपादक,
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बाळांचे कपडे बघा, जिकडे तिकडे चमचमणारं पॉलिस्टर, आपल्या दमट हवेत पोरांना घामोळं येणारच ना. घरोघरी जुन्या सुती साड्या पडून असतात, धुवून धुवून मऊ झालेल्या, त्यांची झबली-टोपडी मस्त होतात. फक्त कापड आधी उजेडात धरून बघायचं, विरलेला भाग सोडून द्यायचा, आणि गळ्याला नाडी अजिबात नको. जुनं कुणबी लुगडं, म्हणजे आपल्या गोव्यातल्या कुणबी बायकांची पारंपरिक हातमागाची साडी, मात्र कापू नका हं, गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सनी एवढी खटपट करून ते परत लोकांसमोर आणलं, फारच फाटलं असेल तर गोष्ट वेगळी. शिवणक्लासवाले दरवेळी नवीन कापडच का आणायला लावतात, हे जुन्याचं पण शिकवा की!
— एक आजी, म्हापसा