तेराव्यानंतरची सोबत

महोदय,

तेराव्यापर्यंत घरात माणसांची वर्दळ असते. कुणी पिठलं-भात आणून देतं, कुणी रात्री सोबतीला झोपतं. मग जो तो आपापल्या कामाला लागतो आणि खरं दुःख तिथून सुरू होतं. माझे यजमान गेल्यानंतर मी कामावर रुजू झाले आणि एका सकाळी गाडी कुर्ल्याला थांबली असताना छातीत एवढी धडधड झाली की हृदयविकाराचाच झटका वाटला. ईसीजी व्यवस्थित आला. डॉक्टरांनी हा चिंतेचा झटका असल्याचं सांगितलं आणि मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. मी फोन लावला, तेव्हा पलीकडच्या मुलीने उपदेश केला नाही, मला रडू दिलं. नातलगांची माया खरीच, पण ‘मुलांकडे बघून सावरा’ ऐकलं की हुंदका गिळावाच लागतो.

या सगळ्याला अर्थ काय, हे मला अजून उमगलेलं नाही. मात्र आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांच्या पत्नी वारल्या, तेव्हा तेराव्याची गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्याकडे जाऊ लागले. आजींबद्दल ते भरभरून बोलतात, मी ऐकते. माझेही दिवस त्यामुळे सुसह्य झाले आहेत.

लोकलच्या प्रत्येक डब्यात १४४१६ हा क्रमांक मराठीत, ठळक अक्षरांत लावावा, अशी रेल्वे प्रशासनाला कळकळीची विनंती.

— एक वाचक, मुलुंड