दोघंही जागे असताना

सू फॉल्स, साउथ डकोटा
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "बारा महिने तुम्ही ट्रक घेऊन रस्त्यावर, आणि सुट्टी मिळाली की मोटारसायकल घेऊन पुन्हा रस्त्यावरच? चार दिवस घरात पाय पसरून झोपावं की!" तेव्हा पेट्रोल पंपावर मोटारसायकलींचा इतका आवाज होता की मला धड उत्तर देता आलं नाही. आज घरी आहे. कपडे मशीनला लावलेत, तुझे दाजी गॅरेजमध्ये गाडी धुतायत, आणि उद्या संध्याकाळी माल उचलायचा आहे. तोपर्यंतचा वेळ माझा, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आमचा रोजचा दिवस तुला कळायला हवा. इथल्या कायद्याप्रमाणे एका ड्रायव्हरने सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवायची. सगळा हिशेब ट्रकमधलं यंत्र ठेवतं, मिनिटाचीही सूट नाही. म्हणून लांबच्या मालाला दोन ड्रायव्हरची जोडी लावतात, आणि त्यात नवरा-बायको बरेच असतात. एकाचे तास भरले की दुसऱ्याने बसायचं. ट्रक थांबतच नाही. हे दिवसा चालवतात, मी रात्री. मी चालवते तेव्हा हे मागे बंकवर पट्टा लावून झोपलेले असतात, आणि हे चालवतात तेव्हा मी.

म्हणजे बघ, चोवीस तास आम्ही एका केबिनमध्ये, हातभर अंतरावर, आणि तरी धड बोलणं होत नाही. डिझेल भरताना, घाईघाईत दोन घास खाताना काय होईल तेवढंच. तेही "डाव्या बाजूच्या मागच्या टायरकडे लक्ष ठेव," "पुढे वारं आहे, जपून," असलं. वायोमिंगमध्ये पहाटे माळावर हरणांचे कळप उभे असतात. ह्यांना उठवून दाखवावंसं फार वाटतं, पण उठवता येत नाही. झोप मोडली तर पुढचे अकरा तास त्यांनी कशाच्या जोरावर काढायचे? आमचा संसार असा पाळीपाळीने चालतो.

मोटारसायकलवर आम्ही दोघंही एकाच वेळी जागे असतो, सुमे. तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे.

स्टर्जिस गावच्या मोटारसायकल मेळ्यासाठी ही सुट्टी आम्ही वर्षभर राखून ठेवतो. इथून स्टर्जिस साधारण सहाशे किलोमीटर. इंटरस्टेट ९० हा महामार्ग धरायचा आणि पश्चिमेकडे सरळ जायचं. याच रस्त्याने आम्ही ट्रक नेतो, पण काचा बंद करून, एसी लावून. यंदा सूर्यफुलं ऐन बहरात होती, कुठे नुकतंच गवत कापलेलं, आणि तो वास थेट हेल्मेटमध्ये शिरत होता. इतक्या दिवसांच्या ये-जा करण्यात हा रस्ता मला वासाने कधी कळलाच नव्हता.

चेंबरलेन गावाशी मिझुरी नदी लागते. तिथे कड्यावर 'डिग्निटी' नावाचा स्टीलचा पुतळा आहे, पन्नास फूट उंच, २०१६ साली उभारलेला. मूळच्या रहिवाशांपैकी एक बाई पाठीवरून गोधडी पसरून धरून उभी आहे. त्या गोधडीत निळे चौकोनी तुकडे असे बसवलेत की वारं आलं की ते हलतात. ट्रकमधून मी तिला दरवेळी बघते, पण तासांच्या हिशेबात थांबायला जमत नाही. या वेळी आम्ही तिच्या पायाशी बसून डब्यातली थालीपिठं खाल्ली. भाजणी तुझ्याकडचीच, गेल्या वर्षी दिली होतीस ती. अजून खमंग आहे.

पुढे मर्डो गाव मागे पडल्यावर घड्याळ एक तास मागे जातं आणि मग वॉल येतं. तिथे औषधाचं एक जुनं दुकान आहे. १९३१ साली एका जोडप्याने ते विकत घेतलं. गिऱ्हाईक काही येईना. शेवटी बायकोला सुचलं की तापलेल्या माळावरून येणाऱ्या प्रवाशांना बर्फाचं पाणी फुकट द्यावं, आणि तशा पाट्या रस्त्याकडेला लावाव्यात. आज त्या पाट्या शेकडो किलोमीटर आधीपासून दिसायला लागतात. पाणी अजूनही फुकट आहे. आम्ही दोन-दोन ग्लास प्यायलो.

आता स्टर्जिस. एरवी सात हजार वस्तीचं गाव. ऑगस्टमध्ये दहा दिवस तिथे लाखो माणसं येतात. २०१५ साली पंचाहत्तरावा मेळा झाला तेव्हा अंदाजे ७ लाख ३९ हजार. यंदाचा पंच्याऐंशीवा. मुख्य रस्त्यावर चारचाकीला मज्जाव. दोन्ही कडांना एकेक आणि मधोमध दोन, अशा मोटारसायकलींच्या चार रांगा लागतात आणि उरलेल्या जागेतून बाकीच्या हळूहळू सरकत असतात. आपल्याकडे जत्रेत पालखीपुढे गर्दी जशी मुंगीच्या पावलाने पुढे जाते, तशी. ह्यांना एकेका गाडीपुढे उभं राहून इंजिन न्याहाळायचं होतं. कराडला असताना रविवारी सकाळी बुलेटचे भाग अंगणात मांडून बसायचे, आठवतं ना? अगदी तोच चेहरा. मी घाई केली नाही. त्या चेहऱ्यासाठीच तर मी येते.

या मेळ्याची सुरुवात मला फार आवडते. गावात क्लॅरेन्स होल नावाचे गृहस्थ होते, सगळे त्यांना पॅपी म्हणत. त्यांचं 'इंडियन' नावाच्या अमेरिकन कंपनीच्या मोटारसायकलींचं दुकान होतं. त्यांनी आणि त्यांच्या क्लबने १४ ऑगस्ट १९३८ ला शर्यत भरवली, तेव्हा धावणारे अवघे नऊ. पुढे युद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा मेळ्यात खंड पडला, एवढंच, नाहीतर चालूच. बाहेरगावची मंडळी होल यांच्याच परसात तंबू ठोकायची आणि त्यांच्या पत्नी पर्ल सगळ्यांना करून घालायच्या. एवढी लाखांची जत्रा उभी राहिली ती एका घरच्या पाहुणचारातून. पर्लबाईंचं नाव पॅपींच्या बरोबरीने घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रात्रीचे गाण्याचे कार्यक्रम, दारूचे अड्डे, ते सगळं असतं. आम्ही त्या बाजूला फिरकलो नाही. डेडवूड आणि स्पिअरफिशची दरी पाहिली, दोन्ही छान. पण खरे दिवस घाटातले.

इथल्या ब्लॅक हिल्स नावाच्या डोंगरांमध्ये आयर्न माउंटन रोड म्हणून सतरा मैलांचा रस्ता आहे. त्यात ३१४ वळणं. पीटर नॉरबेक हे इथले आधी गव्हर्नर, मग सिनेटर. त्यांनी हट्टाने तो असा वळणावळणाचा करून घेतला, माणसाने सावकाश जावं म्हणून. लाकडी पूल स्वतःभोवती वेटोळं घेत खाली उतरतात. बोगदे असे कोरलेत की तोंडाशी आलं की समोर बरोब्बर चौकटीत रशमोर डोंगरावर कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे दिसतात. कुंभार्ली घाट पाठ असलेल्या माणसालाही तिथे नवं काही शिकायला मिळतं, असं हे म्हणाले.

आणि दुसरा नीडल्स हायवे. तिथल्या 'नीडल्स आय' बोगद्याची रुंदी आठ फूट आणि उंची पावणेदहा. आमचा ट्रेलर साडेआठ फूट रुंद, साडेतेरा फूट उंच. ट्रकवाल्याच्या डोक्यात साडेतेरा हा आकडा झोपेतही असतो. प्रत्येक पूल, प्रत्येक फाटक त्या मापाने बघायचं. त्या बोगद्याशी आलो आणि दोघांच्याही तोंडून एकदम निघालं, "इथे आपली गाडी नाही जायची!" मग गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून आत शिरलो. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट इतका जवळ की मी हात लांब करून चाचपला. गार, खरखरीत, आणि छिन्नीच्या खुणा बोटाला लागत होत्या. इंजिनाचा आवाज छातीत घुमत होता. पलीकडे उन्हात बाहेर पडलो तेव्हा हे लहान मुलासारखे ओरडले.

हेल्मेटमध्ये बोलायची सोय आहे, त्यामुळे दिवसभर बोलत होतो. लेकीच्या नोकरीबद्दल, कराडच्या घराच्या गळक्या पत्र्याबद्दल, हे काम अजून किती वर्षं करायचं त्याबद्दल. एका चढावर मी ह्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला तर अंग आक्रसून घेतलं. विचारलं, तर म्हणाले, हिवाळ्यापासून दुखतोय. हिवाळ्यापासून! ट्रेलरची लॅंडिंग गिअर, म्हणजे तो उभा करायचे पाय वरखाली करायची दांडी, फिरवताना भरून येतो म्हणे. एका केबिनमध्ये राहूनही मला पत्ता नव्हता, कारण आमच्या बोलण्यात खांद्याला कुठे जागाच मिळाली नव्हती. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पुढच्या फेरीनंतर जायचं. तोवर ती फिरवायचं काम माझं.

कस्टर पार्कमध्ये बायसनचा, म्हणजे गव्यासारख्या दिसणाऱ्या इथल्या रानबैलांचा, कळप रस्त्यावर आला. दाजीपूरला आपण गवा दुर्बिणीतून पाहिला होता, इथे हा त्याचा भाऊबंद चार हातांवरून गेला. खांद्यावर मोठं वशिंड, उन्हाळ्यात गळणाऱ्या लोकरीची लक्तरं लोंबत होती, श्वास ऐकू येत होता. सगळ्यांनी इंजिनं बंद केली. एवढ्या मोठ्या गाड्या, आणि एकानेही हॉर्न दिला नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. स्टर्जिसजवळच माळावर बेअर ब्यूट नावाचा एकटा डोंगर आहे. लकोटा, शायान आणि आणखी कितीतरी जमातींचं ते देवस्थान. वाटेवरच्या झाडांना त्यांनी प्रार्थनेची रंगीत फडकी बांधलेली असतात. हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. अमेरिकन सरकारने १८६८ च्या तहात ब्लॅक हिल्सचे हे सगळे डोंगर लकोटांचेच राहतील असं लिहून दिलं होतं. सोनं सापडलं आणि १८७७ मध्ये ते काढून घेतले. १९८० साली सुप्रीम कोर्टाने दहा कोटींहून जास्त डॉलरची भरपाई मान्य केली, पण त्यांनी ती आजतागायत घेतलेली नाही. पैसे नकोत, डोंगर परत द्या म्हणतात. आणि त्याच बेअर ब्यूटच्या आसपास मेळ्याच्या दिवसांत रात्रभर गोंधळ. याविरुद्ध त्यांनी आंदोलनंही केली आहेत. आम्ही सकाळी लवकर गेलो, गाडी लांब लावली आणि पायी चढलो. ज्याच्या अंगणात आपण नाचतो त्याची झोप सांभाळावी, एवढं तरी मेळ्याने करावं. हे मी तिथे भेटलेल्या माणसांनाही सांगितलं. काहींना पटलं.

बुधवारी दुपारी गारपीट झाली. आमच्या शेजारच्या तंबूतलं म्हातारं जोडपं आणि आम्ही एका शेडखाली अडकलो. बोलता बोलता कळलं, तेही पूर्वी जोडीने ट्रक चालवायचे, मिनेसोटाहून. मी बाईंना विचारलं, तुम्ही बोलायचात कधी? त्या म्हणाल्या, दोन सीटच्या मधे एक वही ठेवायचो. ज्याची पाळी असेल त्याने थांबल्यावर चार ओळी लिहायच्या. काय पाहिलं, काय आठवलं, कशाचा राग आला. दुसऱ्याने उठल्यावर वाचायच्या. त्या सगळ्या वह्या त्यांच्या घरी अजून आहेत.

येताना मी एक वही घेतली. खांदेदुखीसुद्धा त्यातच लिहायची, असं ह्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.

उद्या दुपारी ट्रकची तपासणी. ब्रेक, हवेचे पाइप, टायर, दिवे, शीतपेटीचं तापमान. माल गोठवलेला आहे, उणे अठरावर ठेवावा लागतो. वजन सगळं मिळून साधारण ३६ टन. खाली ओमाहा, मग नेब्रास्का आडवं कापायचं, वायोमिंग, युटा आणि लॉस एंजेलिस. नेब्रास्का माझ्याकडे. मला तो सपाट, सरळ रस्ता रात्री आवडतो, आणि यंदा पौर्णिमेच्या आसपासचं चांदणंही आहे. कंटाळा घेऊन नाही निघत आम्ही, सुमे. काम आम्हाला आवडतं. ते आवडत राहावं म्हणून ही चार दिवसांची चैन.

२७ तारखेला गणपती. तोवर घरी पोचायचं असं डिस्पॅचला, म्हणजे आमच्या फेऱ्या ठरवणाऱ्या ऑफिसला, सांगून ठेवलंय. त्यांनी हो म्हटलंय. आरतीला व्हिडिओ कॉल करीन, आईंना जवळ बसव. तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं ते कळव, ऑपरेशन असेल तर मला तारीख आधी सांग. आणि फोन करायचा झाला तर तुझ्या सकाळी साडेनऊ-दहाला कर. तेव्हा माझी रात्र असते, मी चालवत असते, कानात हेडसेट असतो आणि भरपूर वेळ असतो. फक्त हळू बोलावं लागेल, मागे हे झोपलेले असतात.

तुझीच,
शमा