काटा बरोबर, तरी सेन्सर खराब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. गार असताना गाडी झटकन सुरू होते, तापल्यावर मात्र सेल्फ मारून मारून जीव जातो, ॲव्हरेज घसरलंय, सायलेन्सरमधून काळा धूर येतोय. इंजिनचा दिवा काही पेटत नाही आणि गॅरेजवाला इंजेक्टर, पंप सगळंच बदलू म्हणतोय. थांबव त्याला. माझ्या गाडीचं हुबेहूब हेच झालं होतं, आणि दोष निघाला कूलंट टेम्परेचर सेन्सरचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं (कूलंटचं) तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा.

तू म्हणशील, मीटरचा काटा तर बरोबर मध्यावर असतो. गोम तिथेच आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत हे सेन्सर दोन असतात: एका वायरचा काट्यासाठी, दोन वायरींचा ईसीयूसाठी, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणाऱ्या इंजिनच्या कॉम्प्युटरसाठी. दुसरा बिघडला तरी काटा बिचारा खरंच सांगत राहतो. इकडे ईसीयूला वाटतं इंजिन अजून गारच आहे, आणि तो पेट्रोल ओततच राहतो, चोक ओढून विसरल्यासारखा. दिवा का नाही? सर्किट पूर्ण तुटलं तर उणे ४० अंश असा अशक्य आकडा येतो आणि पी०११८ हा बिघाडाचा कोड लागून दिवा पेटतो. पण सेन्सर २५-३० अंशांवरच अडकला, तर जुन्या ईसीयूला त्यात वावगं काही दिसत नाही.

म्हणून कोडच्या नादी न लागता गाडीला जोडायच्या स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे ईसीयूला त्या क्षणी दिसणारे आकडे, बघ. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. मग इंजिन चालू ठेव. आकडा सलग चढत ८०-९० पर्यंत गेला पाहिजे. माझा तिशीतच रेंगाळत होता, आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) मात्र इतका तापला होता की हात लावायची सोय नव्हती. होजही बराच वेळ कोमटच राहिला तर मात्र सेन्सरला दोष देऊ नकोस. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकला असेल.

आता वायरिंग. इग्निशन ऑन, इंजिन बंद, सेन्सरला वायरी जोडणारा कपलर काढ. स्कॅनरवर बहुतेक उणे ४० येईल. कपलरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या की आकडा १३० च्या वर उडायला हवा. उडाला, तर वायरिंग आणि ईसीयू ठीक. नाही उडाला तर आधी पिनांवरचा हिरवा गंज बघ. सेन्सरची खात्री मल्टीमीटरने कर: बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८० ला तीनशेच्या आसपास. माझा गरम पाण्यात बुडवला तरी दोन हजारांवरून हलेना.

बदलणं अगदी सोपं. इंजिन पूर्ण गार होऊ दे, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. नवा सेन्सर हाताशी ठेव. जुना निघाला की भोकावर बोट, आणि लगेच नवा आत. वॉशर नवाच घे. पान्ह्याने जोर लावू नकोस, ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात. सांडलेलं कूलंट भर, आतली हवा काढ.

प्लग काळे पडले असतील, तेही साफ कर. ऑइलची डिपस्टिक हुंगून बघ; पेट्रोलचा वास आला तर ऑइल लगेच बदल. लाइव्ह डेटाचे आकडे कळव, पंपाचं त्यानंतर बघू.

तुझाच,
मित्र