आठशे सत्तर रुपये

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितोय. तुमच्या ओसरीवर माझ्यासारखी आणखी दोन-तीन पोरं मान खाली घालून बसलेली मी पाहिलीत. तुमचं नाव घालत नाही. घातलं तर महिनाभर बोलणार नाही तुम्ही.

गेल्या दिवाळीत बेंगळूरहून वडगावला आलो तेव्हा माझ्या डोक्यावर ४ लाख ६० हजारांचं देणं होतं. दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन आणि मोबाईलवरच्या तीन ॲपांची उचल. तारण कशालाच नव्हतं, म्हणून तर बसल्या जागी मिळालं. सुरुवात झाली ती खोलीच्या डिपॉझिटनं. तिथला घरमालक भाड्याच्या कितीतरी पट आधीच मागतो. मग दोन महिने पगार अडकला, आणि एका कार्डाचं बिल दुसऱ्यातून भरायची खोड लागली. घरी सगळ्यांना वाटायचं, पोरगं मजेत आहे.

घरी कळलं ते रात्री नऊच्या फोननं. वसुलीवाला आईला काय काय बोलला ते तिनं अजून सांगितलेलं नाही. ती तशीच तुमच्याकडं धावली. तुम्ही जेवत होतात. उष्टा हात ताटावर धरून डाव्या हातानं फोन घेतलात आणि कन्नडमधून सुनावलंत की संध्याकाळी सातनंतर नि सकाळी आठच्या आधी वसुलीचा फोन करायचा नाही, रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय. शेवटी म्हणालात, "नाळे माड्री," उद्या करा. पलीकडून आवाजच येईना.

मग माझ्याकडं वळलात. "बेंगळुरात काय करूलास ते नंतर सांग. आधी व्याज सांग."

मला माहीत नव्हतं, काका. कर्ज माझं, आणि व्याजाचा दर मला माहीत नव्हता.

लग्नपत्रिकेच्या पाठीवर तुम्ही पेन्सिलीनं मांडलेलं अजून डोळ्यांपुढं आहे. कार्डावर १ लाख थकलेत, व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे ३,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३०. मी दर महिन्याला 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, म्हणून ५,००० भरत होतो आणि स्वतःला शहाणा समजत होतो. त्यातले मुद्दलात गेले ८७०. वर त्याच कार्डावर किराणा आणायचो, त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज, कारण मागची बाकी असली की बिनव्याजी मुदत मिळत नाही. ८७० भोवती तुम्ही दोनदा गोल केलात. बोलला काहीच नाहीत.

पाहुण्यांनी नंतर भरपूर उपदेश केला. त्यातल्या एकानंही व्याज विचारलं नाही.

तुम्ही मला एक रुपयाही दिला नाहीत, हेही लिहायला हवं. तुम्ही फाईल लावून दिलीत. एका ॲपवाल्यानं माझ्या फोनमधले नंबर काढून मित्रांना मेसेज पाठवले होते. ॲपला कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायची मुभाच नाही, हे तुमच्याकडून कळलं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करायला लावलात, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचं म्हणालात. तेवढी वेळ आली नाही, मेसेज थांबले.

आईच्या पाटल्या तारण ठेवून आधी कार्डं मिटवायची, हेही तुमचंच. ते सांगताना तुमचा आवाज बारीक झाला होता. दुसऱ्या कार्डवाल्यांनी निम्म्यात मिटवतो म्हटल्यावर मी हुरळलो, तर तुम्ही आडवे आलात. "क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' शेरा पडतो रे. उद्या घराचं कर्ज मागशील तेव्हा तोच समोर येतो." तेव्हा राग आला होता तुमचा. पूर्ण भरलं.

दोन्ही कार्डं बंद झाली, ॲपं संपली. पर्सनल लोनचे अकरा हप्ते राहिलेत, पाटल्या अजून सुटायच्यात. कार्डांच्या ना-हरकत दाखल्यांची झेरॉक्स आईकडं दिलीय, तुमच्या फाईलला लावा. कुंद्याची मिठाई आणणार नाही, काकू साखरेवरून ओरडतील.

तुमची पेन्सिल माझ्या बॅगेत राहिली. गणपतीला येतो तेव्हा देतो.

तुमचाच,
शेजारचा