मुलांच्या गोष्टीलाही कसलेला संपादक हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत नवोदित कथालेखकांसाठी आलेल्या लेखात, आधी मुलांच्या गोष्टी लिहून हात बसवावा आणि मग मोठ्यांच्या कथेकडे वळावं, असा सल्ला आहे. मी दोन्ही लिहिते आणि पोटापाण्यासाठी इतरांची हस्तलिखितं संपादित करते. तो सल्ला वाचून फार वाईट वाटलं. मुलांची गोष्ट म्हणजे शिकाऊ लेखकाची उमेदवारी, हा समज प्रकाशनव्यवहारात आधीच मुरलेला आहे. त्याला वर्तमानपत्राने खतपाणी घालू नये, म्हणून हे पत्र.

मोठा वाचक भिडस्त असतो. लेखकाचं नाव ऐकलेलं असतं, पुस्तक विकत घेतलेलं असतं, कुणीतरी शिफारस केलेली असते. त्यामुळे पहिली दहा पानं रेंगाळली तरी तो नेटाने पुढे जातो. मुलाला यातलं काहीच बांधून ठेवत नाही. गोष्ट वाचून दाखवताना ज्या परिच्छेदात लेखक स्वतःच्या भाषेवर खूश झालेला असतो, नेमकं तिथेच मूल खिडकीबाहेर बघायला लागतं. संपादकाने पेन्सिल घेऊन खूण करावी ती तिथे. मोठ्यांच्या कथेतही हीच जागा ढिली असते, फक्त तिथे कुणी उठून जात नाही, म्हणून ती छापून येते.

आता चित्रपुस्तकाचंच घ्या. ते बहुधा 32 पानांचं असतं आणि हा आकडा छापखान्यातून आलेला आहे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की 16 पानांचा एक फर्मा होतो. असे दोन फर्मे म्हणजे 32 पानं. त्यातून शीर्षकाचं पान, हक्कांचं पान, अर्पणपत्रिका वगळली की गोष्टीच्या वाट्याला साधारण बारा ते चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोर उघडणाऱ्या दोन-दोन पानांच्या जोड्या, उरतात. एवढ्या जागेत सुरुवात, पेच आणि उलगडा बसवायचा, आणि शब्दही मोजकेच.

त्यातही पान उलटण्याची जागा ही या लेखनातली सगळ्यात मोठी युक्ती आहे. 'तिने हळूच दार ढकललं आणि...' हे वाक्य डाव्या पानावर आणि दारामागचा हत्ती समोरच्या उजव्या पानावर आला, तर गोष्ट तिथेच फसली. मूल अक्षरांच्या आधी चित्र बघतं; हत्ती त्याला वाक्य सुरू होण्याआधीच दिसलेला असतो. तेच वाक्य उजव्या पानाच्या शेवटी घ्या. मग उत्तरासाठी पान उलटावंच लागतं आणि ते उलटायला मुलाचा हात वाचणाऱ्याच्या आधी पुढे येतो. म्हणून माझ्याकडे चित्रकथा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आठ कोरे कागद मधोमध दुमडून, एकात एक घालून 32 पानांची कच्ची वही करायला सांगते. त्यात मजकूर कापून चिकटवला की कुठलं पान रिकामं, कुठलं तुडुंब आणि कुठलं वाक्य चुकीच्या बाजूला पडलं, हे लगेच कळतं. संगणकाच्या पडद्यावर एकाखाली एक सरकणाऱ्या मजकुरात ते कळत नाही.

चित्र आहे म्हणजे लेखकाचं काम हलकं झालं, असंही नाही. 'लाल टोपीवाला मुलगा उंच झाडावर चढला' असं लिहिलेलं असतं. टोपी, तिचा रंग, झाड, उंची, सगळं चित्रात येणारच आहे. मग वाक्याने काय सांगायचं? 'खाली बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.' हे चित्राला सांगता येत नाही. असं वाक्य सापडायला मला काही वेळा अख्खी कथा लिहिण्याइतका वेळ लागतो आणि तो वाया गेला असं कधीच वाटत नाही.

मुलांना काय सोसेल, यावरूनही फार भीतभीत निर्णय घेतले जातात. आजोबा गेल्यानंतरच्या दिवसांवर मी एक बालकथा लिहिली होती. त्यातला मुलगा विचारतो, आता आजोबांचा चष्मा कोण घालणार? एका प्रकाशनाने तो प्रश्न काढून आजोबांचा आकाशात तारा करायला सांगितलं. मी नकार दिला. मूल दुःखातही असे रोकडे प्रश्न विचारतं आणि उत्तराची वाट बघतं. त्याला तारा दाखवणं म्हणजे प्रश्न टाळणं.

याच घटनेवर मी मोठ्यांसाठीही कथा लिहिली आहे. ती बऱ्याच वर्षांनंतर सुरू होते. मुलगा आता बाप झालेला आहे आणि त्या दिवसांत घरातले मोठे एकमेकांशी काय बोलत नव्हते, ते त्याला आता उमगतं. बालपण आठवणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे. बालकथेत मात्र मागे वळून बघायला जागाच नसते. मुलगा जिथे उभा आहे तिथूनच दिसेल तेवढं सांगायचं, आणि काही करायचं तर ते त्यानेच करायचं. दोन्हींत फरक आहे तो या उभं राहण्याच्या जागेचा. बालकथा सोपी आणि मोठ्यांची कथा अवघड, असं मी तरी कधी अनुभवलं नाही.

मुद्रितशोधनाची, म्हणजे छपाईआधी चुका तपासण्याचीही हीच कथा. पुस्तक लहान, म्हणून ते एका बैठकीत उरकतात. नुकतं वाचायला लागलेलं मूल अक्षर न् अक्षर लावून वाचतं; त्याला 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' छापलेलं मिळालं, तर डोंगरातल्या गोष्टीत समुद्र कुठून आला हे ते कुणाला विचारणार? दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून शब्दांमधल्या जागा ताणणं, ओळीच्या शेवटी शब्द तोडणं, जोडाक्षरांचे पाय मोडणारा टाइप वापरणं, हे मोठ्यांच्या पुस्तकात खपून जातं. मुलाचं वाचन तिथे अडतं आणि दोष मात्र मुलाला दिला जातो.

कराराबद्दल थोडक्यात. मुलांच्या पुस्तकाला दरवर्षी पाच वर्षांचे नवे वाचक मिळतात, त्यामुळे चांगलं पुस्तक वर्षानुवर्षं छापलं जातं. अशा पुस्तकाचे सगळे हक्क एकरकमी मानधनात कायमचे लिहून घेणं अन्याय्य आहे. पुनर्मुद्रण, अनुवाद, ध्वनिपुस्तक यांचा करारात वेगवेगळा उल्लेख हवा आणि चित्रकाराशीही तसाच लेखी करार हवा. अर्धी गोष्ट त्याने सांगितलेली असते.

आपल्या परीक्षणांच्या पानावर कादंबरीला दोन रकाने मिळतात आणि बालपुस्तकांना 'मुलांना नक्की आवडेल' एवढी एक ओळ. ही ओळ पुस्तक न उघडताही लिहिता येते. परीक्षकाने ते पुस्तक एखाद्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवावं आणि मगच लिहावं. चित्रं, मांडणी, टाइप यांबद्दलही लिहावं. आणि पुढच्या परीक्षणापासून चित्रकाराचं नाव लेखकाच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावं, ही विनंती.

आपली,
एक कथालेखिका आणि संपादक