गोल्ड कार्ड या वर्षी नको

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "गोल्डचं काय ठरवलंस?" फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. विमान कंपनीने नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या गोल्ड कार्डाची जी ऑफर दिली आहे, ती मी घेत नाहीये. निदान या वर्षी तरी नाही. तुम्ही नियमांची पानं छापून, त्यावर पेन्सिलीने खुणा करून इतका अभ्यास केलात, तेव्हा नुसतं "नको" म्हणून मोकळं होणं मला बरं वाटलं नाही.

आई, आधी तुझ्यासाठी थोडक्यात. एरवी गोल्ड मिळवायला वर्षभर त्याच कंपनीने किंवा तिच्या जोडीदार कंपन्यांनी प्रवास करून पॉइंट्स जमवावे लागतात. मला आलेली ऑफर अशी, की पुढच्या तीन महिन्यांत ठरावीक पॉइंट्स करून दाखवले तर वर्षभर थांबायला नको, गोल्ड लगेच. याला स्टेटस चॅलेंज म्हणतात. दुसऱ्या कंपनीचं कार्ड असलेल्या प्रवाशाला आपल्याकडे वळवायला बऱ्याच कंपन्या हे करतात. माझ्याकडे दुसरीकडचं सिल्व्हर आहे, त्यावरून मला विचारणा झाली.

तू म्हणालीस, "एवढे माइल्स साठलेत तुझे, मग देत का नाहीत गोल्ड?" कारण ही दोन वेगळी खाती असतात. एका खात्यात खर्चायचे माइल्स, त्यातून तिकीट काढता येतं, कधी वरच्या वर्गात सीट घेता येते. दुसऱ्या खात्यात दर्जाचे पॉइंट्स. त्यांच्यावर फक्त सिल्व्हर की गोल्ड एवढंच ठरतं, ते खर्चता येत नाहीत, आणि मुदत संपली की पुन्हा पाटी कोरी. माझ्याकडे साठलेत ते पहिले. घाई करायला सांगताहेत ती दुसऱ्यांसाठी.

बाबा, तुम्ही जो दोन थांब्यांचा मार्ग काढलात तो हिशेबाने अगदी बरोबर आहे, हे आधी सांगते. काही योजनांमध्ये प्रत्येक टप्प्याचे वेगळे पॉइंट्स मिळतात, त्यामुळे थेट विमानापेक्षा थांबत जाणाऱ्याला जास्त पडतात. एअर फ्रान्स आणि केएलएमच्या फ्लाइंग ब्लू या योजनेत इकॉनॉमीने 5,000 मैलांहून लांब थेट गेलं तर 12 एक्सपी, म्हणजे तिथले दर्जाचे पॉइंट्स, मिळतात. तेच मध्ये उतरून, एक टप्पा 2,000 मैलांच्या आतला आणि दुसरा 3,500 ते 5,000 मैलांचा केला तर 5 आणि 10 मिळून 15. तिथे 100 एक्सपीला सिल्व्हर, मग मोजणी पुन्हा शून्यावर, आणि तिथून 180 झाले की गोल्ड. म्हणजे नवख्याला 280 लागतात. पाच-दहाच्या हिशेबाने 280 गाठायचे म्हणजे विमानतळांवर किती तास जातील ते तुम्हीच बघा.

हे सगळं सुरू झालं 1981 मध्ये. मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना आणली आणि काही दिवसांतच युनायटेडनेही. तेव्हा हिशेब सरळ होता, जितके मैल उडाल तितके माइल्स. स्वस्तात स्वस्त तिकीट काढायचं, लांबचा वळसा घ्यायचा, उतरायचं आणि लगेच परतायचं, असं केवळ मैलांसाठी फिरणारे लोक त्यातूनच तयार झाले. कंपन्यांना हे कळायला वेळ लागला नाही. डेल्टा आणि युनायटेडने 2015 पासून खर्चायचे माइल्स अंतरावर देणं बंद करून तिकिटाच्या किमतीवर द्यायला सुरुवात केली. ब्रिटिश एअरवेजने एप्रिल 2025 पासून दर्जाचे पॉइंट्ससुद्धा खर्चाशी बांधले. स्वस्त तिकिटावर वळसे घालून गोल्ड मिळवायची वाट दरवर्षी अरुंद होत चालली आहे. जे अजून जमतं ते चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं माझं स्पष्ट मत झालंय.

पण पैशांपेक्षा मला खटकलं ते वेगळंच. मी तुमच्याकडे येते ते थेट विमान या कंपनीचं नाही, तिच्या जोडीदारांपैकी कोणाचंही नाही. तीन महिन्यांत पॉइंट्स पुरे करायचे तर तुमच्याकडच्या फेऱ्याही वळसा घेऊनच कराव्या लागतील. शुक्रवारी रात्री पोचायची ती शनिवारी दुपारी पोचणार, आणि रविवारी जेवण होतंय न होतंय तोवर निघायचं. कागदावर पॉइंट्स वाढतील, पण ते तुमच्या वाट्याच्या वेळातून वाढतील. आई दारात वाट बघत उभी राहणार आणि मी कुठल्या तरी गेटपाशी बॅगेवर डोकं टेकून पुढच्या विमानाची वाट बघणार. हा व्यवहार मला मान्य नाही.

आता तुमच्या बाजूने बघू. बाबा, तुमचा सगळा जोर एका गोष्टीवर होता: पुढच्या प्रवासात आईला लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या निवांत बसायच्या दालनात, बसता येईल, तिच्या गुडघ्यांना आराम मिळेल. मी नियम नीट वाचले. विमान कंपन्यांचे जे तीन मोठे गट आहेत, त्यांतला स्टार अलायन्स असो, वनवर्ल्ड असो की स्कायटीम, त्या दर्जाच्या कार्डावर लाउंजमध्ये कार्डधारकाबरोबर पाहुणा एकच नेता येतो. तुम्ही दोघं आहात. आईला आत बसवायचं आणि तुम्हाला बाहेरच्या खुर्चीवर, हे माझ्याने होणार नाही. तुम्ही "जा गं, मी बसतो इथे" म्हणणार हेही मला माहीत आहे. शिवाय तो पाहुणा माझ्याबरोबरच प्रवास करणारा हवा. तुम्ही दोघंच कुठे निघालात तर माझं गोल्ड माझ्या पाकिटात, तुमच्या काही उपयोगाचं नाही. जादा सामानाचंही तसंच. स्टार अलायन्सच्या गोल्डला वजनाच्या हिशेबात 20 किलो जास्त मिळतात, पण ते कार्डधारकाला.

आईला लाउंजपेक्षा जे हवंय त्याला कार्ड लागतच नाही. चेक-इनपासून गेटपर्यंतचं लांबच लांब चालणं वाचलं पाहिजे, आणि त्यासाठी व्हीलचेअर आहे. ती सगळ्यांना मिळते, सर्वांत स्वस्त तिकिटावरही मिळते. युरोपात 2006 च्या नियमाने ही मदत फुकट देणं बंधनकारक आहे, अमेरिकेत 1986 च्या कायद्याने. विमान सुटण्याच्या 48 तास आधी कळवलं की झालं. तिकिटावर तिचे तीन प्रकार नोंदवतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, सीटपर्यंत जाता येतं, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही चढवत नाही. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत नेऊन बसवावं लागतं. आईला पहिला प्रकार पुरे. माणूस सोबत येतो, सुरक्षा तपासणीच्या मोठ्या रांगेत सहसा ताटकळावं लागत नाही, आणि विमानात आधी नेऊन बसवतात. रांग टळणं, विमानात आधी बसणं, गोल्ड कार्डात आपल्याला नेमकं हेच तर हवं होतं ना?

बाबा, एक बोलू का? मला वाटतं गोल्ड कार्ड तुम्हाला एवढं हवंसं वाटतं ते या खुर्चीमुळे. कार्ड दाखवून पुढे गेलं की मान राहतो, खुर्चीत बसून गेलं की लोक बघतात, असं तुम्हाला वाटत असावं. आईने मागे एकदा खुर्ची घ्यायचं म्हटलं तेव्हा तुम्ही "अजून एवढे काही म्हातारे झालो नाही" म्हणालात, आणि मग आई संबंध वाटभर भिंतीचा आधार घेत, दर थोड्या अंतरावर थांबत चालली. मी मागून दोघांच्या बॅगा घेऊन येत होते, मला तिची पाठ दिसत होती. तो प्रसंग मला पुन्हा नको आहे. तुमच्या मानाची काळजी मला आहेच, पण आईचे गुडघे आधी.

गोल्डचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. विमान रद्द झालं की त्याची खरी किंमत कळते. मागे एका मोठ्या विमानतळावर रात्री कनेक्शन रद्द झालं, तेव्हा मदतीच्या काउंटरसमोरची रांग कोपऱ्यावरून वळून पार दुकानांपर्यंत गेली होती, आणि शेजारच्या प्राधान्याच्या काउंटरवर दोनच माणसं. त्यांची कामं आधी झाली. त्या रात्री मला ते कार्ड फार हवंसं वाटलं. पण माझी रांग निम्मी सरकायच्या आत कंपनीच्या ॲपवरच सकाळची नवी सीट आली होती. आणि युरोपातून सुटणारं विमान रद्द झालं तर राहण्याजेवणाची सोय, पर्यायी प्रवास, हे हक्क कार्ड बघून मिळत नाहीत, प्रत्येक प्रवाशाला सारखेच असतात.

आणखी एक कारण, आणि ते निव्वळ व्यवहाराचं. चॅलेंजची संधी बऱ्याच कंपन्या एकदाच देतात, किंवा पुन्हा देईपर्यंत काही वर्षं जाऊ देतात. पुढच्या वर्षी माझं काम बदललं तर ऑफिसच्या खर्चाने लांबचे प्रवास बरेच होतील. तेव्हा एकही जादा फेरी न मारता चॅलेंज पुरं होऊ शकेल. आत्ता ओढूनताणून केलं तर गोल्ड हातात येईल, पण ते टिकवण्याइतका प्रवास माझ्याकडे नाही. मुदत संपली की पुन्हा तीच धावपळ. म्हणून तोवर एवढंच करते, की ऑफिसचे सगळे प्रवास एकाच गटातल्या कंपन्यांनी करायचे आणि आपोआप जमेल तेवढं जमू द्यायचं.

साठलेले माइल्स मात्र मी आता राखून ठेवणार नाही. ते वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांची किंमत कमी होत जाते, कारण तिकिटासाठी लागणारे माइल्स कंपन्या वाढवत राहतात. तुमच्या पुढच्या प्रवासात लांबच्या टप्प्याला तुम्हा दोघांच्या सीट त्यातून बिझनेस क्लासमध्ये घ्यायच्या असं माझं ठरलंय. पाय लांब करून आडवं होता येईल. बऱ्याच विमानतळांवर त्या तिकिटावर लाउंजही मिळतं, आणि ते दोघांनाही, आपापल्या तिकिटावर. बाबा, "उगाच कशाला" म्हणू नका. ते माइल्स मी याच्याचसाठी वापरायचे म्हणून जमवले होते.

तेव्हा दोन गोष्टी कळवा. पासपोर्टवर नावं जशी आहेत तशीच अक्षरं लिहून पाठवा, मागच्या वेळी आईच्या नावात एक अक्षर जास्त पडलं होतं. आणि व्हीलचेअर आईच्या एकटीच्या नावावर नोंदवू की दोघांच्या? माझं मत दोघांच्या. माइल्सवर मिळणाऱ्या सीट थोड्याच असतात, तेव्हा बुधवारच्या आत सांगा.

तुमची,
मनू