लाल पेन न वापरणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

समोर आभार मानले की "त्यात काय एवढं" म्हणत तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

जून २०२४ मध्ये मुलीला गावातल्या मराठी शाळेत तुमच्याकडे दुसरीत घातलं तेव्हा ती वही उघडायलाही घाबरायची. आधीच्या इंग्रजी शाळेच्या वहीत पानभर लाल फुल्या आणि खाली शेरा, 'पालकांनी लक्ष द्यावे'. भेटायला गेलो की फीचा हप्ता आधी, मुलीचं नंतर. "घरी इंग्रजी बोलत नसाल तर आम्ही तरी काय करणार?" हे तिच्यासमोर ऐकवलं गेलं. एवढ्याशा पोरीलाही ते कळलं होतं. माझा तो राग अजून गेलेला नाही.

तेव्हाच्या बालभारतीच्या पुस्तकात 'माझी नोंद' म्हणून पानं असायची. तिथे तिनं आजीच्या शेळीवर चार ओळी लिहिल्या, निम्मे शब्द चुकलेले. तुम्ही एकही फुली मारली नाहीत. चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं तिळाएवढा ठिपका दिलात आणि सांगितलंत, शब्द दुरुस्त झाला की ठिपका तूच खोडायचास. संध्याकाळी ती खोडरबर घेऊन बसली. 'शेळि'ची 'शेळी' केली, ठिपका खोडला, फुंकर मारली, पुढचा शब्द. सगळे ठिपके गेले तेव्हा पानावर फक्त तिचं अक्षर उरलं होतं. ते पान तिनं आजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी न सांगता तिनं काही वाचलेलं आम्ही तोवर ऐकलं नव्हतं. बाई, त्या ठिपक्यात माझ्या लेकीचा जो मान तुम्ही राखलात, तो मी जन्मात विसरणार नाही.

पुढच्या वर्षी ती पानं पुस्तकातून गेली, तर तुम्ही पाठकोरे कागद शिवून मुलांना नोंदवह्या करून दिल्यात. त्याच जूनमध्ये धाकटा पहिलीत आला, नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी पहिलीला लागला. त्यातच पहिलीपासून हिंदी शिकवायची की नाही याचा गोंधळ. एप्रिलमध्ये एक शासन निर्णय, जूनमध्ये दुसरा, महिनाअखेरीस दोन्ही रद्द. आम्ही पालक धास्तावलेलो. तुम्ही पालकसभेत एवढंच म्हणालात, "आधी घरच्या भाषेत मनातलं सांगता येऊ दे, बाकीचं मी बघते." आणि खरंच बघितलंत.

आज पट वाढलाय, तिसऱ्या शिक्षकाचं पद मंजूर झालंय, म्हणून गावातले जाणते आता शाळेचं कौतुक करतात. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायची चर्चा सुरू झाली, तेव्हा हेच पारावर म्हणत होते, आपलीही आज ना उद्या जाणार. आपली पोरं पिवळ्या बसमध्ये बसवून म्हणत होते! शाळेला मुलं मिळावीत म्हणून मे महिन्याच्या उन्हात छत्री घेऊन गल्लीगल्लीतून फिरलात ते तुम्ही आणि सर. मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या हे सगळं सांभाळून. दारात कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, त्या घरचीही मुलं आज तुमच्या वर्गात आहेत आणि त्यांच्या वह्यांतही तेच ठिपके आहेत. तुम्ही कुणाला मागचं काही ऐकवलं नाहीत. असा साधा चांगुलपणा असलेली माणसं गावात असली की लेकरं निर्धास्त शाळेत जातात.

आता चार इयत्ता दोन खोल्यांत मावत नाहीत, मुलं व्हरांड्यात बसतात. खोलीच्या प्रस्तावासाठी ग्रामपंचायतीत आणि पंचायत समितीत खेटे घालायचं काम आम्ही पालकांनी वाटून घेतलंय. येत्या सोमवारी पहिली खेप माझी. तुम्ही वर्ग सोडून यायचं नाही.

तुमची,
तिसरीतल्या आणि पहिलीतल्या दोघांची आई